बोट काढा

आमचे हे बाजारात शिरले की तराजूमागची माणसं एकदम ताठ बसायची. हातात पिशवी, पायात साध्या चपला, चेहऱ्यावर बटाटे घ्यायला आलेल्या माणसाचा भोळा भाव, आणि तरीही ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुसफुस व्हायची. हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. नोकरीभर यांनी दुसऱ्यांचे काटे तपासले. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं वजन, वाकवलेला दांडा, सगळं यांनी पकडलं. पण यांचा जीव खरा रमायचा तो बोटात. दुकानदार गिऱ्हाइकाशी गोड बोलत असतो आणि त्याची करंगळी पारड्याच्या कडेवर अशी सहज टेकलेली असते, जणू तिला दुसरीकडे जागाच मिळाली नाही. हे मागून जायचे आणि आवाज अजिबात न चढवता म्हणायचे, "बोट काढा."

बाजाराने यांचं नावच बोटकाढे साहेब ठेवलं. मी बोटकाढेवहिनी. आमचं खरं आडनाव पोस्टमनला तेवढं ठाऊक असेल.

घरी जेवताना हे ताटलीच्या कडेला करंगळी लावून मला शिकवायचे. "नख बघ. नुसतं टेकलेलं बोट गुलाबी असतं. दाब दिला की नखाचं टोक पांढरं पडतं. माणूस तोंडाने कितीही खोटं बोलेल, नखाला ते जमत नाही." भात गार व्हायचा आणि मी नखं बघत बसायची.

संशय सर्दीसारखा असतो, एका घरात एकालाच होऊन थांबत नाही. इतकी वर्षं यांच्याबरोबर काढल्यावर मलाही तो लागला. फरक एवढाच, की हे सगळ्या जगावर संशय घ्यायचे आणि मी यांच्यावर.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. मी बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं तेव्हापासून खालची सगळी कामं यांच्यावर पडली. भाजी, औषधं, दूध, आणि मला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर मीसुद्धा. एक हात कठड्यावर, दुसरा यांच्या दंडावर, असं आमचं सामान उतरायचं आणि चढायचं.

पडून पडून माझे कान मात्र तयार झाले. यांची पावलं मला खालच्या दरवाजापासून ऐकू यायची. पहिला मजला, दुसरा मजला, आणि तिथे पावलं थांबायची. रोज. बराच वेळ. मग पुन्हा सुरू व्हायची आणि हे दारात हसतमुखाने उभे राहायचे. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहते. एकटी आहे, हसरी आहे, आणि तिच्या दारात कायम कोणी ना कोणी माप द्यायला उभं असतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. या वयात? म्हटलं, माणसाचं काही सांगता येत नाही.

एक दिवस पावलं थांबली तशी मी काठी घेतली आणि दात-ओठ खात अर्धा जिना उतरले. शिवणवाल्या बाईचं दार बंद होतं. हे भिंतीवरच्या नोटिशीसमोर उभे होते. पिशवी जमिनीवर, एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताने डावा जबडा चोळणं चाललेलं. कपाळ ओलं होतं.

"तू कशाला उतरलीस?" हे दचकून म्हणाले.

"तुम्ही काय करताय?"

"नोटीस वाचतोय."

"काय लिहिलंय?"

"जिन्यात सायकली ठेवू नयेत."

"आपल्याकडे सायकल आहे?"

"नाही. पण नियम बदलला का ते बघायला नको?"

ती नोटीस आम्ही राहायला आलो तेव्हापासून तिथे आहे. खरं सांगते, हे शिवणवाल्या बाईच्या दारात खिदळत उभे दिसले असते तर मला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं. या ओल्या कपाळाशी कसं भांडायचं ते मला कळेना.

जबड्याचं विचारलं तर म्हणाले दात दुखतो. दंतवैद्याकडे गेले. त्याने सगळे दात ठोकून पाहिले आणि म्हणाला, दातांत काही नाही. यावर यांचं मत पडलं की त्याला दातांतलं काही कळत नाही.

"जिना चढतानाच बरा दुखतो तुमचा दात," मी म्हणाले.

"तुला काय म्हणायचंय?"

"छाती तपासून घ्या."

"घेतलीय की. विसरलीस?" आणि हे कपाटातून तो कागद घेऊन आले.

मी खुब्यामुळे पडून होते तेव्हा हे एकटेच जाऊन कोपऱ्यावरच्या तपासणी केंद्रात स्ट्रेस टेस्ट करून आले होते. म्हणजे छातीला तारा लावतात, फिरत्या पट्ट्यावर चालवतात, पट्ट्याचा चढ आणि वेग वाढवत नेतात आणि हृदयाला रक्त पुरतंय का ते आलेखावर बघतात. यांचा आलेख स्वच्छ आला. तेव्हापासून तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात होता, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी दाखवला जायचा.

"यंत्र बोललंय," हे म्हणाले. "आता तू बोलू नकोस."

तिथेच मला सगळ्यात जास्त संशय आला. या माणसाने जन्मात दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवला नाही. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उभे राहण्याआधी हे तो रिकामा शून्यावर येतो का ते बघायचे. यांचे मोठे भाऊ असाच स्वच्छ रिपोर्ट खिशात घेऊन एका सकाळी गेले, तेव्हा स्मशानातून परतताना हेच म्हणाले होते, "तो काटाच खोटा होता." आणि आता तसलाच कागद प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला. जो माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही तो एकाच गोष्टीवर एवढा ठेवायला लागला, की समजावं तिथे काहीतरी मुरतंय. मला त्या कागदाशी काही देणंघेणं नव्हतं. मला माणूस हवा होता.

मी पुतणीला फोन केला. दादांची, म्हणजे यांच्या त्या थोरल्या भावाची मुलगी. हृदयाची डॉक्टर आहे. मोठ्या रुग्णालयात ही पट्ट्यावरची तपासणी आणखी चांगली कशी करता येईल यावरच ती काम करते. बाप गेल्यावर तिने दुसरा विषय घेतलाच नाही. मी तिला नोटीस, जबडा, कपाळ सगळं सांगितलं.

"काकू, चाचणीच्या दिवशी काकांनी गोळी घेतली होती का?"

"कुठली?"

"रक्तदाबाची. ती ठोके वाढू देत नाही. ठोके वाढले नाहीत तर हृदयाला कष्ट पडत नाहीत, आणि कष्ट पडले नाहीत तर कमतरता दिसत नाही. साधारणपणे आधी ती बंद करायला सांगतात."

"मी तर अंथरुणात होते गं. मला काय ठाऊक?"

"त्यांना माझ्याकडे घेऊन या. जबरदस्ती नको. म्हणा, मला माझं यंत्र तपासून हवंय."

पोरगी काकाला पुरती ओळखून होती. यंत्र तपासायचंय म्हटल्यावर हे कडक इस्त्रीचा शर्ट घालून तयार. टॅक्सीत मात्र माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होते.

"तुम्ही दोघींनी मिळून काहीतरी शिजवलंय."

"यंत्र बघायला निघालोय ना आपण?"

"तिला तिच्या नव्या पद्धतीसाठी माणसं हवीत. म्हणजे आजारी माणसं हवीत. जो काटा विकतो त्याच्या काट्यात माल नेहमी जास्तच भरतो."

पुतणीची खोली साधीच होती. एक पट्टा, त्याच्या पुढे धरायला दांडी, बाजूला आलेख दाखवणारा पडदा, भिंतीला लागून खाट. हे आत शिरले ते सरळ पट्ट्याखाली वाकले. तिथला टेक्निशियन घाबरला, त्याला वाटलं म्हातारबुवा पडले. यांनी विचारलं, पट्ट्याचा वेग कोण तपासतं, शेवटचा कधी तपासला, माणूस वर उभा असताना तपासला की रिकामा. टेक्निशियन पुतणीकडे बघायला लागला. ती हसू दाबून उत्तरं देत होती. शेवटी हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "प्रमाण वजनं कुठायत?"

"काका?"

"काटा खरा की खोटा हे बघायला आम्ही आमची खात्रीची वजनं न्यायचो. तुझी खात्रीची वजनं कुठली?"

"माणसं," ती म्हणाली. "ज्यांच्या हृदयाच्या नळ्या आम्ही आतून पाहिल्यात अशी. कोणाची तुंबलीय आणि कोणाची मोकळी आहे हे पक्कं ठाऊक असलेली. त्यांच्यावर जुनी पद्धतही लावली आणि नवीही."

"नव्याने किती आजारी पकडले ते सांगू नकोस. ते सगळे सांगतात. किती धडधाकट माणसांना उगाच घाबरवलं ते सांग."

"घाबरवते, काका. काहींना घाबरवते. ते कमी कसं करायचं हेच चाललंय अजून."

हे थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मला ती नजर माहीत आहे. जो दुकानदार स्वतःच्या काट्याची खोट स्वतःहून सांगतो त्याच्याकडे हे असं बघायचे. अशी माणसं यांना फार भेटली नव्हती.

"आणि जुन्यात वाईट काय होतं?" आवाज जरा उतरला होता.

"यंत्रात काही नाही. आमच्या सवयीत. लोक गोळी घेऊन येतात, आम्ही विचारत नाही. तारा फक्त डावीकडे लावतो, उजवीकडे बघतच नाही. आणि ही दांडी." तिने दांडीवर थाप मारली. "माणूस पडू नये म्हणून धरू देतो. हात दांडीवर आले की बरंचसं ओझं दांडी उचलते. यंत्राला वाटतं माणूस चढ चढतोय. हृदयाला वाटतं सपाटीवर फिरायला निघालोय."

मी काठीवर हनुवटी टेकवून यांच्याकडे बघत होते आणि हे दांडी सोडून खोलीतल्या बाकी सगळ्या वस्तूंकडे बघत होते.

"तिथे मला धरायलाच सांगितलं होतं," मग हे पुटपुटले.

चाचणीचा दिवस ठरला. पुतणीने रक्तदाबाची गोळी तोवर बंद करायला सांगितली आणि मधल्या दिवसांत जास्त धावपळ करू नका असं बजावलं. घरी आल्या आल्या मी गोळ्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये टाकलं आणि पर्स उशाशी घेतली. म्हातारपणी पर्स उशाशी घेऊन झोपायची पाळी आली, आणि तीही नवऱ्यापासून लपवायला.

निघायच्या सकाळी मला वर्तमानपत्र वाचायला यांचा चष्मा लागला, कारण माझा कुठे ठेवला ते मला कधीच आठवत नाही. डबी उघडली तर चष्म्याखाली दोन गोळ्या. मी डबी तशीच टेबलावर ठेवली. हे शर्टाची बटणं लावत होते.

"सुट्या पडल्या असतील," हे म्हणाले.

"चष्म्याच्या डबीत?"

"पडतात."

"त्या वेळीही घेतली होतीत ना? मी पडून होते तेव्हा?"

हे बटण लावत राहिले. चुकीच्या काजात लावत होते.

"अहो, मी काहीतरी विचारतेय."

"तू आधी नीट चालायला लाग," हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "काठीशिवाय. मग माझं बघू. आत्ता मी खाटेवर पडलो तर तुला या जिन्यावरून कोण नेईल? शिवणवाली?"

मला भयंकर राग आला. इतके दिवस मला वाटत होतं की हे घाबरट आहेत, हट्टी आहेत, दादांसारखं व्हायला नको म्हणून डोळे मिटून बसलेत. ते सगळं होतंच. पण त्या पारड्यात मीही बसले होते, माझ्या मोडक्या खुब्यासकट, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. मी यांचं बटण काढून नीट काजात लावलं आणि गोळ्या मोरीत टाकल्या.

"तुम्ही गेलात तर कोण नेईल, याचा विचार केलात?" मी म्हणाले.

रुग्णालयात यांचा शर्ट काढून छातीवर चकत्या चिकटवल्या. डावीकडे नेहमीच्या, आणि उजवीकडे जादा. यांनी प्रत्येक चकती बोटाने दाबून पाहिली, नीट चिकटलीय की नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. पट्टा सुरू झाला. सुरुवातीला हे फिरायला निघाल्यासारखे चालत होते, दोन्ही हात दांडीवर.

"काका, हात सोडा," पुतणी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली.

यांनी सोडले. पट्ट्याचा चढ वाढला. हात पुन्हा दांडीवर आले.

"काका, हात."

"नुसती बोटं टेकवलीत. तोल जातो."

"सिस्टर मागेच उभी आहे. तोल गेला तर धरेल ती."

"नुसती टेकवलीत म्हटलं ना. भार नाही त्यांच्यावर."

पुतणी माझ्याकडे बघायला लागली. तिला काकाला दटावणं जड जात होतं, याच माणसाने तिला सायकल शिकवली होती. मी खुर्चीतून उठले, काठी टेकत पट्ट्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. यांचा उजवा हात दांडीवरून खाली घसरला होता, फक्त करंगळी कडेवर राहिली होती. किती सहज, किती निरागस. मी वाकून नख पाहिलं. टोक पांढरंफटक पडलं होतं.

आवाज अजिबात न चढवता मी म्हणाले, "बोट काढा."

यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाजारातल्या त्या सगळ्या माणसांचे चेहरे मी कधी पाहिले नव्हते, यांनीच पाहिले होते. पण ते कसे दिसत असतील ते मला त्या क्षणी कळलं. मला यांची दया आली, आणि तरी मी नजर काढली नाही.

यांनी करंगळी उचलली.

मग पट्टा तोच होता पण माणूस वेगळा दिसायला लागला. पावलं जड पडायला लागली. श्वासाचा आवाज खोलीभर झाला, कपाळ ओलं झालं, ते जिन्यातलं कपाळ. पडद्यावर ठोक्यांचा आकडा भराभर चढत होता. सिस्टर यांच्या पाठीशी हात धरून उभी होती, न लावता. शेवटी यांनी पंजा वर केला आणि पुतणीने पट्टा थांबवला.

"काय निघालं?" हे धापा टाकत म्हणाले.

"अजून तरी फारसं काही नाही."

"बघ!" यांचा चेहरा फुलला. "बोट काढलं तरी वजन तेवढंच भरलं." आणि छातीवरची चकती उपटायला लागले.

पुतणीने यांचा हात धरला. "तारा काढू नका. लगेच आडवे व्हा. लगेच." तिने आणि सिस्टरने मिळून यांना खाटेवर झोपवलं. आलेखाचा कागद सरकतच होता.

"माल उतरवल्यावर काट्याकडे कोण बघतं गं?"

"आम्हीही बघत नव्हतो, काका. धावणं संपलं की जरा फिरवायचो आणि तारा काढायचो. पण आडवं झालं की पायांतलं रक्त एकदम हृदयाकडे परत येतं, आणि ज्याला आधीच कमी पडतंय त्याला आणखी काम लागतं. काहींचं तेव्हाच दिसतं."

हे हसले, काहीतरी चेष्टा करणार होते. मी पडदा बघत नव्हते, मला त्यातलं कळत नाही. मी पुतणीचं तोंड बघत होते. ती यांच्या बोलण्यावर हसत होती आणि हसता हसता थांबली. तिने उजवीकडच्या तारांच्या रेघेवर बोट ठेवलं आणि टेक्निशियनला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. तो धावतच बाहेर गेला.

महिनेच्या महिने मी संशय घेतला होता. मी खरी ठरावं म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं. आता खरी ठरत होते आणि मला वाटत होतं, देवा, मला खोटी पाड.

यांचा हात जबड्याकडे गेला.

"दात?" मी विचारलं.

हे छताकडे बघत होते. "दात नाही गं," हे म्हणाले.

सिस्टरने जिभेखाली गोळी दिली. थोड्या वेळाने चेहऱ्याचा रंग परत आला. हे म्हणाले, दाखव मला. पुतणीने पडदा यांच्याकडे वळवला. दोन उंच टोकांच्या मधली जी रेघ सपाट असायला हवी ती खाली बसली होती, मध्ये ओझं ठेवलेल्या दोरीसारखी. यांनी ती बराच वेळ पाहिली. पट्ट्यावरची पाहिली, आडवं झाल्यावरची पाहिली, पुन्हा पहिली मागवली.

"मी तू घाबरवलेल्यांपैकी तर नाही?"

"असू शकता. उद्या नळ्या आतून बघू, म्हणजे पक्कं कळेल."

"पक्कं कळल्याशिवाय मी मोहर उठवणार नाही," हे म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मी यांचा हात धरला तर तो गार होता.

दुसऱ्या दिवशी मनगटातून तार घालून पाहिलं. उजवीकडची नळी जवळजवळ बंद झाली होती, केसाएवढी वाट उरली होती. तिथल्या तिथे जाळी बसवून ती उघडली. पुतणी बाहेर येऊन मला हे सांगत होती, डॉक्टरसारखं, नीट, आणि मध्येच तिला रडू फुटलं.

"बाबांना कोणी आडवं करून पाहिलं नाही, काकू."

मी तिला जवळ घेतलं. काठी पडली, ती कोणी उचलली तेही मला आठवत नाही.

हे शुद्धीवर होतेच. मी आत गेले तेव्हा यांनी पहिलं विचारलं, "पोरीचा काटा खरा निघाला?"

"निघाला."

"मग तो जुना कागद फाडून टाक."

"तुम्हीच फाडा. मी नाही हात लावणार."

घरी परतलो तेव्हा शिवणवाल्या बाईने दुसऱ्या मजल्यावर आपलं स्टूल आणून ठेवलं होतं, नोटिशीखाली. मी तिच्याविषयी काय काय मनात आणलं होतं ते आठवून मला तिच्याकडे बघवेना. ती म्हणाली, साहेब, दमलात तर बसा. यांनी मान हलवली, बसले मात्र नाहीत. भिंतीला हात न लावता, जबडा न चोळता, नोटिशीसमोर नुसते उभे राहिले. पुतणीने सांगितलं होतं, थांबत थांबत चढा, आणि दुखलं तर लपवू नका.

"दुखतंय?"

"नाही. दम लागलाय. दमच आहे, दुसरं काही नाही." मग माझ्याकडे बघून, "नख तपासायचंय?"

मी हसले. एका हातात माझी काठी होती. दुसरा यांच्या कोपराखाली होता. नेहमी मी यांचा दंड धरायची, आज माझा हात केव्हा खाली सरकला आणि कोण कोणाला चढवत होतं, ते आमचं आम्हालाच कळलं नव्हतं. मी पाहिलं, माझी बोटं चांगलीच रुतली होती, नखांची टोकं पांढरी.

"काढू का बोट?" मी विचारलं.

हे पुढच्या पायरीकडे बघत होते.

"राहू दे," हे म्हणाले.